मागे ट्रॉली असताना पाचवा गिअर

आमचा धंदा जनरेटर भाड्याने देण्याचा. गोरेगावहून निघायचं, आज कर्जतच्या बंगल्यावर शूटिंग, परवा लोणावळ्याला लग्न. पुढे पिकअप, मागे दोन चाकांच्या ट्रॉलीवर जनरेटर. नवा मुलगा कामावर आला की दोन गोष्टींशी त्याची पहिल्याच आठवड्यात गाठ पडते. एक, रिव्हर्स घेताना ट्रॉली स्टिअरिंगच्या उलट पळते. दोन, रिकामी गाडी चालवून हाताला लागलेली टाप, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, टाकायची सवय आड येते. पहिली गोष्ट शिकायला महिना पुरतो. दुसरी मोडायला माझी एक क्लच प्लेट गेली.

हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. मागे काहीही ओढत असाल, जनरेटर, होडी, फूड स्टॉलची ट्रॉली, तर टाप कधी टाकायचा, कधी काढायचा आणि कधी त्याला हातच लावायचा नाही, ते क्रमाने सांगतो.

आधी आपला ओव्हरड्राइव्ह ओळखा

पहिल्या गिअरमध्ये इंजिन साधारण चार फेरे मारतं तेव्हा गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट एक फेरा मारतो. गिअर वाढेल तसा हा फरक कमी होत जातो. पाच गिअरच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक पिकअपमध्ये चौथ्याला बरोबरी होते, म्हणजे इंजिनचा एक फेरा आणि शाफ्टचाही एक. त्याच्या पुढचा तो ओव्हरड्राइव्ह, म्हणजेच आपला टाप. तिथे शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरतो.

समजा पाचव्याचं प्रमाण ०.८ आहे. मग ज्या वेगाला चौथ्यात इंजिन २५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) असतं, त्याच वेगाला पाचव्यात २००० वर येतं. आवाज कमी, डिझेल कमी. पण तेवढ्याच कष्टात चाकापर्यंत पोचणारा जोरही पाचव्या हिश्शाने कमी होतो. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर तो जोर लागतच नाही, म्हणून तर हा गिअर दिलेला असतो. मागे सव्वा टन लावला की मात्र तो लागायला लागतो.

आता आपल्या गाडीत बघा. बोलेरो किंवा योद्धासारख्या पाच गिअरच्या पिकअपला पाचवा हाच ओव्हरड्राइव्ह. सहा गिअर असतील तर बहुधा वरचे दोन. टोयोटा हायलक्सच्या ऑटोमॅटिकला चौथा १, पाचवा ०.६९ आणि सहावा ०.५८ च्या आसपास आहे. म्हणजे सहाव्यात इंजिन चौथ्याच्या तुलनेत जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त फिरतं. डी-मॅक्स व्ही-क्रॉसचा सहा गिअरचा ऑटोमॅटिकही याच जातीचा. अमेरिकेतल्या फोर्ड एफ-१५० मध्ये तर दहा गिअर, आणि त्यातले वरचे तीन ओव्हरड्राइव्ह. तिकडे ट्रेलर ओढण्यासाठी वेगळं बटण असतं, ते दाबलं की गिअरबॉक्स स्वतःच उशिरा वर जातो आणि उतारावर खाली येतो. आपल्याकडच्या पिकअपमध्ये ते काम आपल्या डोक्यानेच करायचं.

जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गिअरच्या दांडीवर अंगठ्याखाली एक छोटं बटण असे. पहिल्या एर्टिगाच्या ऑटोमॅटिकमध्ये ते होतं. दाबलं की समोर ‘ओ/डी ऑफ’ असा दिवा लागतो. इथे हमखास गोंधळ होतो. दिवा लागला म्हणजे ओव्हरड्राइव्ह चालू झाला असं माणसाला वाटतं, आणि असतं उलटं. दिवा लागला म्हणजे वरचा गिअर बंद. ट्रॉली मागे असताना घाटात तो दिवा लागलेलाच हवा.

हल्लीच्या गाड्यांत बटण नसतं. दांडी बाजूला ढकलून एस किंवा एम मध्ये टाकायची आणि प्लस-मायनस करायचं. यातही एक खोच आहे. काही गाड्यांत दिसणारा आकडा हा तोच एक गिअर असतो, तर काहींत ती वरची मर्यादा असते. दुसऱ्या प्रकारात ४ दिसलं तर गाडी एक ते चारमध्ये खेळेल, पाचव्यात जाणार नाही. आपली गाडी कुठल्या प्रकारची हे गाडीच्या पुस्तकात वाचा. मोकळ्या रस्त्यावर, ट्रॉली न लावता, एकदा करूनही बघा. घाटात पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही.

निघण्याआधी

यात फार वेळ घालवत नाही, पण वगळूनही चालणार नाही. गाडीच्या पुस्तकात किती वजन ओढता येतं ते लिहिलेलं असतं, त्याच्या आत राहा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी लागते, ते कागद गाडीत ठेवा. हुकाची पिन, सेफ्टी चेन, मागचे दिवे आणि टायरची हवा बघा.

नाकावरचं वजन मात्र नीट तपासा. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यायला हवा. १२०० किलोची ट्रॉली असेल तर १२० किलोच्या आसपास. आम्ही भंगारवाल्याच्या काट्यावर ट्रॉलीचं नाक टेकवून हे एकदा मोजलं आणि जनरेटर चार बोटं पुढे सरकवला. नाक हलकं असेल तर वेग वाढला की ट्रॉली शेपटी हलवायला लागते, आणि टापमध्ये वेग वाढतोच. तशी हलायला लागली तर रेस सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका.

शहरातून बाहेर पडताना

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. गोरेगावहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवई, पुढे ऐरोलीचा पूल. या पट्ट्यात सकाळी आठनंतर तिसऱ्याच्या वर जायची वेळच येत नाही. ऑटोमॅटिक असेल तर ओव्हरड्राइव्ह इथेच बंद करून ठेवा. सिग्नल, फ्लायओव्हर, पुन्हा सिग्नल असं चालू असताना गिअरबॉक्स उगीच वर जातो आणि लगेच खाली येतो. त्यात आपला काही फायदा नाही.

सपाट रस्त्यावर परीक्षा घ्या

ठाणे-बेलापूर रोड संपवून सायन-पनवेल हायवेला लागलात की पहिल्यांदा टापचा विचार करायचा.

याबाबत दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतो, ट्रेलर मागे असेल तर ओव्हरड्राइव्हला हात लावायचा नाही, गिअरबॉक्स जळतो. दुसरा म्हणतो, कंपनीने दिलाय ना, मग टाका. मला दोन्ही पटत नाहीत. टाप आपोआप काही जाळत नाही. गाडी ज्या गिअरमध्ये तो वेग सहज धरून राहते तो गिअर बरोबर, मग तो टाप का असेना. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला मात्र पहिल्या माणसाचं म्हणणं बऱ्यापैकी लागू पडतं, कारण तिथे तिसऱ्या आणि चौथ्यामधली उडी मोठी असते आणि जड गाडी त्या दोघांच्या मधेच अडकते.

परीक्षा अशी. चौथ्यात ताशी ६० पर्यंत या. रस्ता सपाट आणि समोर मोकळा असेल तर पाचवा टाका आणि पायाकडे लक्ष द्या. साठ टिकवायला रेस अर्ध्याहून जास्त दाबावी लागत असेल तर पाचवा काढा. पुढच्या फ्लायओव्हरच्या चढाला वेग पाचाने पडला तरी काढा. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पुस्तकातले नाहीत, पण मला आजवर पुरले आहेत.

इंजिन कधी गुदमरतंय हे काट्याआधी हाताला कळतं. गिअरच्या दांडीवर तळवा ठेवा. चौथ्यात बारीक, एकसारखी थरथर असते. पाचव्यात ओढ जास्त झाली की ती थरथर जाड आणि संथ होते, केबिनमध्ये घुमल्यासारखा आवाज येतो, डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती मान हलवायला लागतो आणि बाजूच्या आरशात मागचा ट्रक दोन-दोन दिसतो. अशा वेळी रेस आणखी दाबून गाडी ‘उचलत’ बसू नका. १२००-१३०० आरपीएमवर पूर्ण रेस दिली की इंजिनाला भरपूर डिझेल मिळतं, पण टर्बोला पुरेशी हवा ढकलता येत नाही. बेअरिंगवर, क्लचवर आणि इंजिनाच्या रबरांवर घाव बसतात ते वेगळेच. डिझेल वाचवायला टाकलेला पाचवा डिझेलच खातो.

ऑटोमॅटिकमध्ये पायाला हे इतकं कळत नाही, कारण गाडी स्वतःच खाली येते. तिथे कान लावा. आवाज वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला असं एका किलोमीटरमध्ये दोन-तीनदा झालं तर गिअरबॉक्सचं ठरत नाहीये असं समजा. त्याच्या वतीने तुम्ही ठरवा आणि वरचा गिअर बंद करा.

हे का, ते सांगतो. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर, मध्ये तेल. एक पंखा तेल ढकलतो आणि तेल दुसऱ्याला फिरवतं. यात थोडी घसर होतेच, आणि त्या घसरीची उष्णता होते. एकसारख्या वेगाला आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंखे जोडून टाकतो, मग घसर थांबते आणि तेल थंड राहतं. जड गाडी टापमध्ये चढाला लागली की हा क्लच सुटतो, गिअर खाली येतो, वेग मिळाला की पुन्हा वर जातो, पुन्हा सुटतो. दर वेळी तेल तापतं. तापून तापून तेलाचा चिकटपणा जातो, मग आतल्या प्लेटा घसरायला लागतात आणि तेल आणखी तापतं. एक गिअर खाली स्थिर चालणारी गाडी आवाज जास्त करते, पण तिचं तेल थंड राहतं. नव्या ड्रायव्हरला आवाजाची भीती वाटते. २५०० आरपीएमवर एकसुरात चालणाऱ्या डिझेल इंजिनाला काहीही होत नाही.

क्रूझ कंट्रोल असेल तर ट्रॉली मागे असताना बंदच ठेवा. त्याला पुढचा चढ दिसत नाही. वेग पडल्यावर तो जागा होतो आणि एकदम रेस देतो.

घाट चढताना

पळस्पे फाट्याहून जुन्या हायवेने चौक, खोपोली. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता साडेपाचशे मीटरच्या आसपास चढतो. याच बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ मीटरला १ मीटर आहे, आणि १८६३ पासून चालत आलेल्या त्या मार्गावर आजही बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. आपला रस्ता जागोजागी त्याहून उभा आहे, आणि आपल्याला मागून ढकलणारं कोणी नाही. हिशेबच करायचा तर पिकअप, ट्रॉली, जनरेटर आणि केबलचे गुंडाळे मिळून आमचं वजन साडेतीन टन भरतं. २० मीटरला १ मीटर अशा चढावर एवढ्या वजनाला १७५ किलोचा जादा जोर लागतो, तोही सतत.

म्हणून गिअर चढाच्या पायथ्याशी बदलायचा, चढावर नाही. खोपोली गाव संपता संपता टाप बंद. मॅन्युअलमध्ये चौथा, आणि पहिलं वळण दिसलं की तिसरा. तिसऱ्यात २०००-२५०० च्या मध्ये काटा ठेवून डाव्या बाजूने चालत राहा. मागचे हॉर्न मारतील, मारू देत.

माझी चूक इथेच झाली होती. धंद्यातलं पहिलं वर्ष. खोपोलीच्या बाहेर मोकळा रस्ता मिळाला म्हणून पाचव्यातच चढाला लागलो. गाडी पडायला लागल्यावर चौथा टाकला, तोवर वेग इतका उतरला होता की चौथाही ओढेना. तिसरा शोधेपर्यंत गाडी थांबली, आणि पुढे वळणावर एक ट्रक. मग चढावर साडेतीन टन अर्ध्या क्लचवर उचलायचा खेळ सुरू झाला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शिंग्रोबाच्या देवळाच्या थोडं अलीकडे केबिनमध्ये जळक्या वासाची अशी लाट आली की डोळ्यांतून पाणी आलं. रेस दिली तर इंजिन ओरडतंय आणि गाडी जागेवर. ज्या शिंग्रोबाने इंग्रज साहेबाला घाटाची वाट दाखवली म्हणतात, त्याच्या पायाशी मी तीन तास बसून होतो. येणारे-जाणारे ड्रायव्हर देवाला नाणं टाकत होते आणि माझ्याकडे बघत होते.

कुर्ल्याच्या आमच्या मिस्त्रींनी गाडी उघडली आणि काळी निळी पडलेली प्लेट माझ्या हातात दिली.

“पाचव्यात गाडी रडत होती, ते ऐकू नाही आलं तुला?”

“आलं होतं मिस्त्री. वाटलं, निघेल.”

“निघाली ना. प्लेट निघाली.”

तेव्हापासूनचा क्रम असा. चढावर थांबावंच लागलं तर आधी हँडब्रेक, मग हेल्परने ट्रॉलीच्या चाकामागे लाकडी ठोकळा टाकायचा. निघताना पहिलाच गिअर आणि क्लच एकदा सोडला की पूर्ण सोडायचा. दुसऱ्या प्रयत्नात गाडी उठली नाही तर पाच मिनिटं थांबा, क्लच थंड होऊ द्या. फोर-व्हीलची लो रेंज, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी सोय, असेल तर अशा वेळी तिचा फायदा होतो. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून सरळ रेषेत निघण्यापुरतीच वापरायची, वळणाआधी काढायची.

उतरताना

चढताना टाप टाकला तर क्लच जातो. उतरताना टाकला तर ब्रेक जातात, म्हणून या भागावर मी जास्त जोर देतो.

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना साडेतीन टन वजन साडेपाचशे मीटर खाली येतं. तेवढी सगळी ऊर्जा कुठेतरी उष्णता होऊन बाहेर पडायला हवी. ती पन्नास लिटरहून जास्त पाणी उकळायला पुरेल इतकी असते. ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये ओतायची की इंजिनाला थोडी वाटून द्यायची, हे गिअरवर ठरतं. खालच्या गिअरमध्ये पाय रेसवरून काढला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन अडवतं. टापमध्ये इंजिन हळू फिरतं, म्हणून त्याची अडवणूक नावापुरती उरते.

जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा. हल्लीची टर्बो इंजिनं वरच्या गिअरमध्येही चढून जातात, तेव्हा मी एक गिअर खाली धरतो. तिसऱ्याने चढलो असेन तर उभ्या उतारावर दुसरा. हा गिअर उतार सुरू होण्याआधी लावायचा. मध्येच वेग वाढल्यावर गिअर पडत नाही, आणि न्यूट्रलमध्ये अडकलात की गाडी तुमच्या हातात राहत नाही.

न्यूट्रलवरून आठवलं. उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे अजून भेटतात. हल्लीच्या डिझेल इंजिनात गिअर घातलेला असताना रेस सोडली की इंजेक्टर डिझेल बंदच करतात, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट जातं. आणि न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडलंच तर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा पेडल दगड होतो.

ब्रेक लावायचे ते ठाशीव लावा. चार-पाच सेकंद दाबून वेग नीट खाली आणा, मग पूर्ण सोडा. पेडलवर पाय टेकवून घाटभर घासत उतरू नका. आमच्या ट्रॉलीला ओव्हररन ब्रेक आहे, म्हणजे ट्रॉली गाडीला मागून ढकलायला लागली की हुकाचा दांडा आत जातो आणि तिचे ब्रेक आपोआप लागतात. सोय चांगली आहे, पण लांब उतारावर इंजिनाने गाडी धरली तरी ट्रॉली ढकलतच राहते आणि तिचे ब्रेक थोडे थोडे घासत राहतात. तेव्हा अधूनमधून तिचीही चाकं तपासायला हवीत.

पावसाळ्यात एक जादा काळजी. ओल्या रस्त्यावर एकदम दोन गिअर खाली आणून क्लच झटक्यात सोडला तर मागची चाकं क्षणभर अडतात, घसरतात, आणि ट्रॉली बाजूने पुढे यायला बघते. एकेक गिअर खाली आणा, थोडी रेस देऊन क्लच हळू सोडा, आणि हे वळणात नाही, सरळ रस्त्यावर करा.

खाली पोचल्यावर

खोपोलीत चहाला थांबाल तेव्हा आधी गाडीभोवती एक फेरी मारा. हाताची मागची बाजू चाकाच्या मध्यापासून वीतभर अंतरावर धरा, लावू नका. चारही चाकं आणि ट्रॉलीची दोन्ही, साधारण सारखीच ऊब हवी. एकच चाक भट्टीसारखं लागत असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग चाललंय. ब्रेकच्या लायनरचा जळका वास येत असेल तर अर्धा तास बसा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, ड्रमला तडा जातो. हँडब्रेकही करकचून ओढू नका, थंड होताना ड्रम आकसतो आणि लायनर धरून बसतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा.

ऑटोमॅटिक असेल आणि महिन्यातून दोन-चार घाट होत असतील तर गिअरबॉक्सचं तेल पुस्तकातल्या साध्या मुदतीची वाट न बघता, खडतर वापरासाठी दिलेल्या मुदतीत बदला. नवं तेल बहुतेक गाड्यांत लालसर आणि पारदर्शक असतं. टिश्यू पेपरवर एक थेंब टाकून बघा. तपकिरी झालं असेल आणि जळक्या भांड्यासारखा वास येत असेल तर गिअरबॉक्सवाल्याकडे गेलेलं बरं.

आणि ट्रॉली जागेवर सोडून रिकामे परत निघालात की ओव्हरड्राइव्ह आठवणीने चालू करा. आमचा एक पोरगा ओ/डी बंद ठेवून लोणावळ्याहून गोरेगावपर्यंत आला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, “दादा, गाडी डिझेल फार खाते, दाखवून घ्यायला पाहिजे.” दिवा तेव्हाही लागलेलाच होता.